दारालगतचा तडा

१

संग्रहालयात सगळे त्याला भिंग म्हणत. तोंडावर भिंगसाहेब, पाठ फिरली की नुसतंच भिंग. चित्रांची प्रकृती तपासणं हे त्याचं काम. दर सहा महिन्यांनी प्रत्येक चित्रासमोर स्टूल टाकायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, दोन-दोन बोटांच्या चौकोनांत, चित्र विंचरून काढायचं. तडा दिसला की पत्रकावर तांबड्या पेन्सिलीने खूण, डाग दिसला की निळ्या, रंगाचा पोपडा सुटला असेल तर हिरव्या. प्रत्येक चित्राचं असं स्थितीपत्रक होतं आणि त्यावर चित्राचा फक्त बाहेरचा चौकोन आखलेला असे. आत काय रंगवलंय ते पत्रकाला माहीत नव्हतं आणि भिंगलाही त्याची गरज नव्हती.

अठ्ठावीस वर्षांत त्याने चारशे बारा चित्रं पन्नासेक वेळा तपासली आणि एकही चित्र पाहिलं नाही. याचा त्याला अभिमान होता. बघ्यांची त्याला मनापासून किळस येई. त्यांचे प्रकार त्याने पाडले होते. मान तिरकी करून बघणारे, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करणारे, बायकोला समजावून सांगणारे, आणि सगळ्यात असह्य म्हणजे काहीच न बोलता उसासा टाकणारे. चित्रकाराने मरताना आपल्याच कानात काहीतरी सांगून ठेवलंय, असा आव आणून ही मंडळी उभी राहत. कापड, सरस, रंग आणि वर तेलाचा थर. यापलीकडे भिंतीवर काही नाही हे भिंगला पक्कं ठाऊक होतं, कारण इतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेलंच नव्हतं.

२

चित्रांखाली मजकुराच्या पाट्या लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले, तेव्हा संचालकबाईंनी भिंगला बोलावून घेतलं.

"दालन पाचमध्ये कोणी थांबतच नाही हो," बाई म्हणाल्या. "लोक दारातूनच डोकावून सहाकडे जातात. त्या रिकाम्या खोलीच्या चित्राखाली चार ओळी लिहा ना."

"मी तडे मोजतो, बाई."

"मग तड्यांबद्दल सोडून लिहा. लोकांना काहीतरी अर्थ लागतो. थोडं चिंतन, थोडं मनन. तुम्ही तर किती वर्षं या चित्रांच्या सहवासात आहात!"

सहवास हा शब्द ऐकून भिंगच्या तोंडाची चव गेली. चित्र कोणाचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. संग्रहालयाच्या नोंदवहीत एवढंच लिहिलेलं होतं : खोली, टेबल, डाव्या हाताला खिडकी, मागच्या भिंतीत बंद दार. चित्राकडे न जाता, त्याने डबा खाता खाता कागद ओढला आणि बघ्यांची यथेच्छ टिंगल करायची ठरवली. त्यांना हवं असतं तसलंच, पण इतकं भडक की थोडी अक्कल असलेल्याला लगेच कळावं.

"या खोलीत कोणी नाही असं तुम्हाला वाटेल. थोडं थांबा. दारापलीकडे कोणीतरी आहे, आणि तुम्ही त्याच्याकडे बघण्याआधीपासून ते तुमच्याकडे बघतं आहे."

लिहून तो एकटाच हसला. बाईंनी मात्र वाचलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. "तुमच्यात हे होतं आणि आम्हाला पत्ता नाही," त्या म्हणाल्या. भिंगला त्यांची कीव आली.

३

महिनाभरात दालन पाचमध्ये उभं राहायला जागा उरली नाही.

लोक येत, पाटी वाचत आणि थांबत. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग काहीजण रोज. त्यात एक निवृत्त शिक्षक होते, बेकरीतली एक बाई होती, दोघे-तिघे कॉलेजातले होते. दालनाचा पहारेकरी, ज्याला लहानथोर सगळे मामा म्हणत, तो कौतुकाने सांगे, "साहेब, काय लिहिलंत हो! कोणी फोटोसुद्धा काढत नाही. नुसते उभे." भिंग त्याला म्हणाला, "मामा, शेळ्यासुद्धा उभ्या राहतात." मामा हसला, कारण साहेब बोलले की हसायचं एवढं त्याला कळत होतं.

मग एके दुपारी त्या शेळ्यांत भिंगला त्याची बायको दिसली.

ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करी. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे नीट बघायचं आणि कुठली फ्रेम शोभेल ते सांगायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं असं म्हणतात. दुकान दुपारी दोन तास बंद असे. सव्वीस वर्षांच्या संसारात ती संग्रहालयात दोनदा आली असेल, तेही छत्री द्यायला.

"तू इथे काय करतेस?" त्याने तिला बाजूला घेऊन विचारलं.

"तुम्ही लिहिलंय म्हणून आले," ती म्हणाली. तिचे गाल किंचित लाल झाले होते. "आमच्या दुकानात एक बाई सांगत होत्या. मी म्हटलं, हे आमच्या यांनी लिहिलंय. त्यांना खरंच वाटेना."

"वाचलंस ना? झालं तर मग. जा आता."

"थोडी थांबते," ती म्हणाली. "थांबा असं लिहिलंय ना तुम्हीच."

ते सगळं थट्टेने लिहिलंय, हे तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण त्यासाठी तिच्या तोंडावर तिला मूर्ख म्हणावं लागलं असतं, आणि बाकीचे ऐकत होते. त्याने खांदे उडवले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशीही ती आली. त्यानंतर रोज.

४

गर्दीच्या श्वासाने भिंतीला दमटपणा येतो, म्हणून त्या चित्राची तपासणी दर आठवड्याला करायची असं ठरलं. भिंगने सकाळी दालन उघडायच्या आधी स्टूल टाकलं, भिंग लावलं आणि चौकोन मोजत निघाला. सत्ताविसाव्या चौकोनात तो थबकला. दाराच्या कडेला एक काळी उभी रेघ होती. रुंदी तीन मिलिमीटर. आधीच्या पत्रकात त्या चौकोनात काही नव्हतं.

त्याने तांबडी पेन्सिल घेतली आणि लिहिलं : तडा, दारालगत, उभा, ३ मि.मी., नवा.

पुढच्या आठवड्यात तो पाच झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ. असा तडा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. कडा फाटलेल्या नव्हत्या, पोपडे नव्हते, खालचं कापड दिसत नव्हतं. आत नुसता काळोख होता आणि तोही रंगाचाच. त्याने डागडुजीवाल्याला बोलावलं. हा माणूस भिंगपेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि भिंगच्या मते हाताने बरा पण डोक्याने यथातथाच होता. त्याने चित्र न्याहाळलं, नखाने हलकेच कड चाचपली आणि भिंगकडे वळला.

"कुठाय तडा?"

"तुझ्या बोटाखाली."

"हा तडा नाही, भिंगसाहेब. रंग सलग आहे. दार जरासं उघडं रंगवलंय, बस."

"दार बंद होतं."

"रंगवलेलं दार बंद असलं की बंद असतं आणि उघडं असलं की उघडं. तुम्ही नीट बघितलं नसेल."

हे वाक्य भिंगला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्याने त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं आणि तो फोटोंच्या कपाटाकडे गेला. दर वर्षी प्रत्येक चित्राचा फोटो काढून ठेवायची पद्धत होती. मागल्या वर्षीचा फोटो काढला. दार किलकिलं होतं. पाच वर्षांपूर्वीचा काढला, दहा वर्षांपूर्वीचा काढला. दोन्हींत दार तसंच, आज होतं तेवढंच उघडं. पट्टी लावून, प्रमाण काढून त्याने तीनतीनदा मोजलं. नऊ मिलिमीटर.

म्हणजे दहा वर्षांतली वीस पत्रकं चुकीची होती आणि वीसही वेळा तो आंधळा होता. किंवा मग. त्या 'किंवा'च्या पुढे जायला त्याची बुद्धी तयार नव्हती. आपण चौकोनाचौकोनाने बघतो, दार दार म्हणून कधी पाहिलंच नाही, एखादी सावली सुटली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ती त्याला पटली नाही, पण पुरली.

आठ दिवसांनी त्याने मुद्दाम तोच दहा वर्षांपूर्वीचा फोटो पुन्हा काढला. फटीची रुंदी चौदा मिलिमीटर भरली.

फोटो पाकिटात घालता घालता त्याने तो पुन्हा एकदा मोजला आणि त्याला स्वतःचाच राग आला. ही आपण त्या उसासेवाल्यांच्या पंगतीला बसल्याचीच लक्षणं.

५

त्या आठवड्यात सकाळी त्याला वेळ झाला नाही, म्हणून तो दुपारी गर्दी असतानाच स्टूल घेऊन दालनात गेला. लोकांनी निमूटपणे वाट करून दिली. तो चित्राला नाक लावून बसला आणि मोजायला लागला. बाविसाव्या चौकोनाशी त्याला जाणवलं की मागे अजिबात आवाज नाही. चपला नाहीत, खोकला नाही, पिशवीची खसखस नाही. पंचविसाव्या चौकोनाशी त्याला एक आवाज आला. सगळे एकाच वेळी श्वास घेत होते आणि एकाच वेळी सोडत होते. त्याने सत्ताविसावा चौकोन मोजला नाही. भिंग खिशात टाकलं आणि तो मागे वळला.

अठरा माणसं उभी होती, बायको धरून. त्यांच्याकडे बघताना काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं, पण काय ते क्षणभर सापडेना. बघ्यांचे चेहरे त्याला तोंडपाठ होते आणि हे तसे चेहरे नव्हते. हनुवट्या किंचित वर होत्या. कोणी केसांवरून हात फिरवून घेतला होता, शिक्षकांनी कॉलरचं बटण लावलं होतं. बेकरीतली बाई पोट आत घेऊन उभी होती. कोणाचीही पापणी लवत नव्हती. फोटो काढून घ्यायला उभी असलेली माणसं अशी दिसतात.

बायको दुसऱ्या रांगेत होती. तिच्या चेहऱ्यावर एक लाजरं, अवघडलेलं सुख होतं. त्याने कधी पाहिलं नव्हतं असं, किंवा असलं तर त्याला आठवत नव्हतं. तो तिच्या समोरच होता, तीन हातांवर. ती त्याच्या खांद्यावरून बघत होती.

त्याच्या मानेवर काटा आला. आपल्या पाठीशी एक चित्र टांगलेलं आहे एवढंच, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तो त्याकडे न बघता कडेकडेने दालनाबाहेर पडला. मामाने विचारलं, "झालं, साहेब?" तर तो मामाच्या अंगावरच ओरडला.

६

संध्याकाळी घरी तो थेट विषयावर आला. भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो उर्मट होत असे.

"उद्यापासून तिकडे यायचं नाही."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "का?"

"कारण ती पाटी मी थट्टेने लिहिली आहे. डबा खाता खाता. त्यात काही अर्थ नाही. दारापलीकडे कोणी नाही. चित्र बघून उसासे टाकणाऱ्या मूर्खांना शेंडी लावायला लिहिली ती."

"मूर्खांना," ती म्हणाली.

"तुला म्हणत नाही मी."

"मलाच म्हणताय." ती रागावली नव्हती, म्हणून त्याला जास्तच अस्वस्थ वाटलं. "तसं वाटलंच होतं मला. तुमचा आवाज ओळखते मी, लिहिलेला असला तरी. पहिल्या दिवशीच कळलं की हे आपल्याला हसताहेत."

"मग? तरी गेलीस?"

"लिहिताना तुमच्या मनात काय होतं ते तुमच्यापाशी राहू दे. मी तिथे उभी राहिले, अहो. आणि कोणीतरी माझ्याकडे बघितलं."

तो हसला. खरं तर त्याला हसायचं नव्हतं.

"हसा," ती म्हणाली. "मी दिवसभर लोकांचे चेहरे बघते. कोणाचं नाक रुंद, कोणाचं कपाळ लहान, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा खाली. सगळ्यांना वाटतं ही आपल्याला फ्रेम दाखवते. मी त्यांना बघत असते. बघणं म्हणजे काय ते मला कळतं. सव्वीस वर्षं मी तुमच्यासमोर बसून जेवले, तुम्ही वरण जास्त खारट आहे का तेवढं बघितलंत. तिथे जे आहे ते मला सावकाश बघतं. घाई करत नाही. माझ्यात काही कमी शोधत नाही."

"जे आहे ते म्हणजे कोण?"

"ते मी विचारलं नाही."

"भीती नाही वाटत तुला?"

तिने जरा विचार केला. "वाटते. पण इथे बसून जे वाटतं त्यापेक्षा कमी."

त्याने काहीतरी बोलायला हवं होतं. आत कुठेतरी त्याला ते ठाऊकही होतं. एक साधी गोष्ट होती, हातातली घडी खाली ठेवायला सांगून तिच्याकडे बघायचं. पण ती मागितल्यावर द्यायची म्हणजे हार पत्करण्यासारखं होतं, आणि एका रंगीत कापडाशी बरोबरी करायला तो तयार नव्हता.

"डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला आणि त्याने टीव्ही लावला.

७

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून त्याने पत्रक ओढलं आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा खोटी नोंद केली. तडा नाही हे आता त्याला माहीत होतं. तरी त्याने लिहिलं : तडा झपाट्याने वाढतो आहे, रंग गळून पडण्याचा धोका, चित्र तातडीने उतरवून कोठीत भिंतीकडे तोंड करून ठेवावे.

भिंतीकडे तोंड करून ठेवायला कोणतंही तांत्रिक कारण नव्हतं. संचालकबाई खूप हळहळल्या, लोक काय म्हणतील, आताच तर कुठे दालन चालायला लागलं होतं. पण प्रकृतीच्या बाबतीत भिंगचा शब्द शेवटचा. दालन दुसऱ्या दिवशी बंद ठेवायचं आणि चार वाजता चित्र उतरवायचं असं ठरलं.

उतरवायच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्याने बायकोला ते सांगितलं. सांगायची गरज नव्हती. पण जिंकल्याचं दाखवल्याशिवाय त्याला चैन पडेना.

"आज चार वाजता उतरवतोय ते. कोठीत जाणार. संपला तमाशा."

ती चष्मा पुसत होती. तिने तो दोन्ही बाजूंनी पुसला, उजेडात धरून बघितला आणि डोळ्यांवर चढवला.

"चार वाजता," ती म्हणाली.

"चार."

"बरं."

त्याला वाटलं, विषय मिटला. दारातून बाहेर पडताना ती क्षणभर उंबऱ्यात थांबली, काही विसरलं की माणूस थांबतो तशी. तो बुटाची नाडी बांधत होता. त्याने वर बघितलं तेव्हा ती गेलेली होती.

८

साडेतीन वाजता मामा धापा टाकत त्याच्या टेबलाशी आला.

"साहेब, जरा येता का? वहिनी आत गेल्या होत्या."

"आत कुठे? दालन बंद आहे ना?"

"बंदच आहे. पण त्या म्हणाल्या, शेवटचं एकदा बघते. तुमच्या मिसेस, नाही कसं म्हणणार? मी दाराशीच होतो. दोनला गेल्या. आता मी आत डोकावलो तर…" मामाने ओठ चाटले. "दुसरी वाट नाहीये हो त्या दालनाला."

भिंग चालत निघाला आणि जिन्यावर त्याचं चालणं पळणं झालं. दालन पाच रिकामं होतं. चार भिंती, बारा चित्रं, मधोमध लाकडी बाक. त्याने बाकाखाली बघितलं. खिडक्यांना जाळी होती आणि ती धड होती. त्याने तिला हाक मारली, आणि मारल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण "अगं" म्हणतोय. तिला नावाने हाक मारून किती वर्षं झाली ते त्याला सांगता आलं नसतं.

"आज काय घातलं होतं हो वहिनींनी?" मामा विचारत होता. "खाली दाराशी फोन करून विचारतो, कोणी बाहेर जाताना बघितलंय का."

"कपडे," भिंग म्हणाला. "तू बघितलंस ना आत जाताना?"

"मी कसं बघणार साहेब, दुसऱ्याच्या घरच्या बाईकडे? निळं होतं का काहीतरी?"

भिंगला माहीत नव्हतं. त्याने मोबाईल काढला. त्यात हजारो फोटो होते, सगळे तडे, डाग, पोपडे. तो बोट सरकवत राहिला आणि कापडामागून कापड येत राहिलं. त्याने फोन खिशात टाकला, भिंग काढलं आणि सवयीने तो त्या चित्राकडे झेपावला. चित्राला नाक लागेल इतका जवळ गेला. डोळ्यासमोर काळसर तपकिरी रंग होता, मग कसलीतरी फिकट कड, मग एक वळण, ते कशाचं हे कळेना.

"लांबून बघा साहेब," मामा मागून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "एवढ्या जवळून नाही दिसायचं. मागे या. अहो, मागे या तुम्ही."

भिंग मागे सरकला. एक पाऊल, दोन, पाच. पोटऱ्यांना बाक लागला तेव्हा तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक आख्खं चित्र पाहिलं.

खोली होती. टेबल होतं, डाव्या हाताला खिडकी होती आणि तिच्यातून दुपारचं ऊन आत आलेलं होतं. मागच्या भिंतीतलं दार निम्मं उघडं होतं. उघड्या दारात, निम्मी काळोखात आणि निम्मी उन्हात, एक बाई उभी होती. तिच्या मागे काळोखात आणखी कोणीतरी होतं. उंच होतं, किंवा उभं असल्यामुळे उंच वाटत होतं. त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त ते तिच्याकडे बघतंय एवढं कळत होतं. भिंगने तिकडे जास्त वेळ बघितलं नाही. बघवलंही नसतं.

"साहेब," मामा कुजबुजला, "या वहिनीच ना?"

भिंग बाईकडे बघू लागला. चष्मा होता. पण चष्मा लाखो बायकांना असतो. कानाजवळ पांढरे केस होते. तिच्या कानाजवळ पांढरे केस होते का? कपाळ होतं, मध्यम. नाक सरळ. ओठांच्या डाव्या बाजूला एक बारीक रेघ होती, आणि ती रेघ नवी की जुनी ते त्याला ठरवता येईना. तो एकेक भाग घेत गेला, कपाळ, भुवया, हनुवटी, आणि प्रत्येक भाग त्याला व्यवस्थित दिसला. ते भाग काही केल्या एका माणसाचे होईनात. रोज सकाळी चहाच्या कपापलीकडे जे असतं ते आठवायचा त्याने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. त्याला कप आठवला. कपाचा टवका गेलेला कान आठवला.

बाई त्याच्याकडे बघत होती. घाई करत नव्हती. तिने त्याला भरपूर वेळ दिला होता हे पुढे त्याला कित्येकदा आठवायचं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. शिडी आपटल्याचा आवाज आला, उतरवणारी माणसं काहीतरी बोलून हसली.

"साहेब, सांगा ना," मामा रडकुंडीला आला होता. "त्याच आहेत ना? नुसतं हो म्हणा."

'हो' म्हणायचं होतं. एवढंच. कालच तर त्याने पत्रकावर धडधडीत खोटं लिहिलं होतं, त्यापुढे हे काहीच नव्हतं. त्याने तोंड उघडलं. पण नजर अजून तिच्या हनुवटीवर अडली होती, आणि अठ्ठावीस वर्षांची जीभ त्याच्याआधी बोलून गेली.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

ते तिने ऐकलं. ऐकल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ओठ आधी किंचित उघडले, मग मिटले, मग तिने मान जराशी खाली घातली, जसं काही झालंच नाही. हा चेहरा मात्र त्याच्या ओळखीचा होता. दिवसातून दहादा, सव्वीस वर्षं, बोलून झाल्यावर पाठ फिरवताना त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून हाच पाहिला होता. तो चित्राकडे धावला, तिचं नाव त्याच्या ओठांवर आलं, तोवर तिने दार आतून लावून घेतलं होतं.